गढीच्या पाटीवर कोणाकोणाला जागा?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की गावात शिरण्याआधी माझी नजर गढीकडे जाते. खानदेशात बोरी नदीच्या काठावर, गावाच्या उंच पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या टेकाडावर, ती उभी आहे. फाट्यावर एसटीतून उतरलं की निंबाच्या झाडांवरून तिचा एक बुरूज दिसतो आणि घर आल्याची खूण पटते. यंदा त्या बुरुजाखाली पत्र्याची पाटी होती. पिवळ्यावर लाल अक्षरं : 'सदर इमारत धोकादायक आहे. जवळ थांबू नये. अपघात झाल्यास ग्रामपंचायत जबाबदार राहणार नाही.' माझ्या आठवणीत गढीला लागलेली ही पहिलीच पाटी.

पंचायतीनं चूक केली असं मी म्हणत नाही. मागच्या पावसाळ्यात दक्षिणेकडची भिंत खचली, पोरं तिथं खेळतात, पाटी हवीच होती. पण एवढ्या वर्षांत त्या जागेबद्दल गावानं लिहून लावलेलं एकच वाक्य असावं आणि ते 'जवळ थांबू नये' असं असावं, हे मनाला लागलं. गावातल्या तरुण पोरांनाही ते लागलेलं असणार. दुसऱ्या दिवशी चौघं-पाच जण घरी आले, आमच्या अहिराणीत म्हणाले, "ताई, फाटावर गढीनी पाटी लावनी शे. दगडनी. इतिहास तू लिखी दे, खर्च आम्ही करतस."

दहा ओळींचं काम, एका बैठकीत होईल असं वाटलं होतं. अडीच महिने झाले, मी त्या दहा ओळींशीच झगडते आहे. पण या झगड्यात माझं मत पक्कं झालं आहे आणि ते मला मोकळेपणी मांडायचं आहे. रस्त्याच्या कडेला आपल्या गढीची, वाड्याची, बंगल्याची पाटी लावणं हे गावाचं काम आहे आणि ती पाटी मालकाच्या वंशावळीची नसावी. बांधणाऱ्याचं नाव तिच्यावर जरूर असावं. पण ज्यांच्या राबण्यावर ती वास्तू उभी राहिली आणि टिकली, त्यांनाही त्याच दगडावर, त्याच मापाच्या अक्षरांत जागा मिळाली पाहिजे.

गढी म्हणजे किल्ला नव्हे आणि नुसता वाडाही नव्हे. पाटलाचं, देशमुखाचं किंवा जहागीरदाराचं राहतं घर, पण वेळ आली तर सगळ्या गावाला पोटात घेईल असं. खानदेशात अशी घरं का लागली, ते इतिहासातच आहे. अठराव्या शतकाची अखेर आणि एकोणिसाव्याची सुरुवात या मुलखाला फार वाईट गेली. फौजांची धामधूम, १८०३ चा दुष्काळ, पेंढाऱ्यांची लूट, यांनी गावंच्या गावं ओस पडली. १८१८ मध्ये इंग्रज आले तेव्हा थाळनेरसारख्या ठिकाणी रक्त सांडून त्यांनी जम बसवला. त्या काळात गावाला भरवसा होता तो या मातीच्या भिंतींचा. दिंडी दरवाजा लावून घेतला की माणसं, गुरं, दाणे आत.

आमच्या गढीचं खालचं जोतं घडीव काळ्या दगडाचं. वर पांढऱ्या मातीच्या भिंती, इतक्या रुंद की लहानपणी आम्ही दोघी बहिणी त्यांच्यावर हातात हात घालून चालायचो. खांब आणि तुळया सागाच्या. वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दर वर्षी मृगाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, चोपायची, पन्हाळी साफ करायच्या. एक वर्ष चुकलं की गळती, दोन वर्षं चुकलं की तुळई कुजायला लागते. भिंतींच्या पोटात दाण्यांची बळदं. चौकात जमिनीखाली दाण्यांचं पेव. मेच्या उन्हात, बाहेर पारा ४५ वर गेलेला असताना, आतल्या सोप्यात घोंगडीवर पडलं तर झोप लागायची. हे सगळं मातीनं केलेलं आहे, आणि ती माती कोणीतरी तुडवली, वाहिली, थापली आहे. मला त्या 'कोणीतरी'बद्दलच बोलायचं आहे.

गढी पडू का लागली, हेही थोडक्यात सांगते, कारण पाटीवर त्याचीही एक ओळ हवी. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानं कुळं जमिनीची मालक झाली. १ जानेवारी १९६३ पासून महसुली पाटिलकीचं वतन गेलं. दोन्ही गोष्टी न्यायाच्याच होत्या. पण ज्या उत्पन्नावर आणि ज्या फुकटच्या राबणुकीवर दर वर्षी धाब्यावर खारी पडत होती, तेही त्यासोबत गेलं. मग मुलं नाशिक-पुण्याला, वारस वाढत गेले, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, नावांची रांग लागली आणि दुरुस्तीला कोणीच धनी उरला नाही. पुढे जुनं लाकूड घेणारे टेम्पो घेऊन आले. आमच्या गढीचे नक्षीचे चार खांब असेच गेले. आता ते कुठल्यातरी शहरातल्या हॉटेलात उभे असतील, आणि तिथं बसणाऱ्याला बोरीकाठच्या सुताराची आठवण असायचं कारण नाही. उरलेली पांढरी माती लोकांनी धाब्यांसाठी आणि शेतात टाकायला गाडीगाडीनं नेली.

तर पाटीचा मजकूर. पोरांनी आपल्या परीनं एक कच्चा खर्डा केलाच होता. 'शिवकालीन ऐतिहासिक गढी' अशी सुरुवात, मग पराक्रम, मग घराण्यातल्या सात पुरुषांची नावं. मी विचारलं, शिवकालीन कशावरून? तर सगळ्या गढ्या शिवकालीनच असतात, असं उत्तर आलं. त्यांचा दोष नाही. आपल्याकडे जुन्या वास्तूला मान द्यायचा तर तिला राजाशी किंवा लढाईशी जोडायचं, एवढी एकच रीत त्यांनी पाहिलेली आहे.

गढीवाल्या घरातले सध्याचे थोरले पुण्याला असतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. फोन केला तर मोकळ्या मनानं म्हणाले, "अगं, रुमालात बांधलेले मोडी कागद आहेत, घेऊन जा." धुळ्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या सरांकडे मी तो रुमाल घेऊन गेले. धुळ्याला या कामाची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच गेले, आणि त्यांनी दारोदार हिंडून जमवलेल्या दप्तरांसाठी त्याच शहरानं संशोधन मंडळ उभं केलं. लोकांच्या माळ्यावरचे, उंदरांनी कुरतडलेले, वाणसामान बांधायला निघालेले कागद म्हणजे इतिहास, हे त्या माणसानं महाराष्ट्राला पटवून दिलं. तेव्हा आमच्या रुमालात काय निघतंय याची मला फार ओढ होती.

लढाई निघाली नाही. बांधणाऱ्याचं नाव निघालं नाही, सालही नाही. निघाला तो हिशेब. तावच्या ताव सालदारांचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचा, हिशेब. नाव एकेरी, आडनावाशिवाय. पुढं रोकड, ज्वारी इतक्या पायल्या, घोंगडी एक, जोडा एक. काही नावांपुढं त्यांच्या अंगावरची मागची बाकी, आणि ती पुढच्या तावावर वाढलेली. एका ठिकाणी बापाची बाकी लेकाच्या नावावर ओढलेली होती. सर वाचता वाचता तिथं थांबले, चष्मा काढून पुसला आणि परत तीच ओळ वाचली. आखाजी ते आखाजी असं ते साल. जी आखाजी मला झोक्यांची, गौराईच्या गाण्यांची, आंब्याच्या रसाची म्हणून आवडते, त्याच दिवशी कोणाचा तरी लेक बापाच्या बाकीसाठी गढीच्या पायरीवर उभा राहत होता.

त्यानंतर मी गढीत परत गेले ती वेगळ्या डोळ्यांनी. खळ्याकडच्या भिंतीवर गेरूच्या उभ्या रेघा आहेत. झुबक्या-झुबक्यांनी, कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत. लहानपणापासून पाहत होते, पण त्या कशाच्या हे कधी विचारलं नव्हतं. गावातले एक म्हातारे बाबा, ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत माझ्यासोबत आले. म्हणाले, कापसाची गाडी उतरली की एक रेघ. मग एका झुबक्यावर त्यांनी बोट ठेवलं. "हाई मना बापनी मारेल शे." त्यांचे वडील गढीवर सालदार होते. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या हातचं जगात एवढंच लिखाण शिल्लक आहे आणि ज्या भिंतीवर ते आहे ती पुढच्या एखाद्या पावसात जाईल.

मी त्या संध्याकाळी पोरांना सांगितलं, सात पुरुषांची नावं राहू द्या, पण या रेघा पाटीवर आल्याच पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल, पाटी म्हणजे काय हिशेबाची वही आहे? त्याला मी पाटणला घेऊन जाईन. चाळीसगावपासून जवळ, पाटणादेवीच्या डोंगराच्या कुशीत, शके ११२८ च्या सुमाराचा, म्हणजे आठशेहून जास्त वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याची ही नोंद. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ती अभ्यासकांपुढं आणली. वरच्या भागात संस्कृत श्लोक आहेत. घराण्याची थोरवी, विद्येची थोरवी, निकुंभ राजांचं औदार्य. पण शेवटाकडे लेख एकदम त्या वेळच्या मराठीत उतरतो. का? कारण तिथं देण्याचा भाग येतो. बाजारात येणाऱ्या मालावरचं काय मठाला जाणार, तेलाच्या घाण्यामागं काय द्यायचं, हे तेली आणि वाणी यांना समजायला हवं होतं. जगातल्या थोर गणितज्ञाच्या स्मारकावर तेल्याच्या घाण्याची नोंद आहे आणि त्यानं भास्कराचार्य तसूभर लहान झालेले नाहीत. उलट त्या मठाचा दिवा कशावर जळत होता ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तो मठ खरा वाटतो. राजाचं नाव, पंडिताचं नाव आणि ज्यांच्याकडून पैसा आला त्यांचा धंदा, तिन्ही एका दगडावर. खानदेशात पाटी कशी लिहावी याचा याहून जुना आणि याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरा धडा लळिंगचा. मुंबई-आग्रा महामार्गानं धुळ्याकडं येताना लळिंगचा किल्ला लागतो. त्याच्या रानात लांडोर बंगला आहे. इंग्रजी अमदानीतला बंगला. अशा बंगल्याची रीतसर पाटी लिहायला बसलो तर काय लिहू? कोणत्या साहेबाच्या वेळी बांधला, खोल्या किती, व्हरांडा कसा. पण त्या बंगल्याला आज जो मान आहे तो बांधणाऱ्या साहेबामुळे नाही. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा तिथं उतरले होते. दर वर्षी ३१ जुलैला भर पावसात हजारो माणसं तिथं चढून जातात. भीमस्मृती यात्रा म्हणतात तिला. बायका कडेवर मूल घेऊन चिखलातून वर जातात. त्या आठवणीला कोणी पाटीनं शिकवलेलं नाही. लोकांनी पायांनी जपलेली ती आठवण आहे. वास्तू कशामुळे मोठी, हे मालकी हक्काच्या कागदावर ठरत नाही, तिथं काय घडलं आणि कोणाच्या मनात काय राहिलं यावर ठरतं, हे मी लळिंगला शिकले.

आणि बहिणाबाई. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात त्यांच्या घराचं स्मृती संग्रहालय झालं आहे. १८८० साली आसोद्याला जन्मलेली, शाळेची पायरी न चढलेली बाई. वाडे जळगावात काय कमी होते? सावकारांचे, कापसाच्या व्यापाऱ्यांचे, मोठमोठ्या माड्यांचे. त्यातल्या कितींची नावं आपण सांगू? माणसं वाट वाकडी करून जातात ती शेतात राबणाऱ्या, जात्यावर गाणाऱ्या एका विधवा बाईच्या घरी. मग आमच्या गढीतल्या जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या आयुष्यात काय घडत होतं, कोण होत्या त्या, हे विचारायला मला लाज का वाटावी? त्यांतल्या एकीचंही नाव कागदात नाही. मी शोधलं.

बाहेरचं एक उदाहरण घेते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यानं १९२७ पासून महामार्गांच्या कडेला धातूच्या ओतीव पाट्या लावायला सुरुवात केली. शंभरेक शब्दांचा मजकूर, वाटसरूला उभ्या उभ्या वाचता येईल असा. तिथल्या मळेवाल्यांच्या जुन्या हवेल्यांचा त्यांत मोठा भरणा. वर्षानुवर्षं त्या मजकुरांत मालक होते, सेनापती होते, हवेलीची धाटणी होती, पण मळ्यावर राबलेले गुलाम क्वचितच होते. थॉमस जेफरसन यांची माँटिसेलो ही हवेली तर जगप्रसिद्ध. माणसं जन्मतः समान असतात असं ज्यानं लिहिलं, त्याच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. आज त्या हवेलीत गेलेल्याला गुलामांच्या खोपट्यांची जागा दाखवतात, त्यांची नावं सांगतात. राज्याच्या पाट्यांवरही गेल्या काही दशकांत हा उल्लेख येऊ लागला आहे, काही जुने मजकूर बदलले गेले आहेत. आपला सालदार म्हणजे गुलाम नव्हता. दोन्ही गोष्टी मी एका तागडीत घालत नाही. पण आधी अर्धं लिहायचं आणि पन्नास-साठ वर्षांनी लाजून दुरुस्त करायचं, ही वेळ आपल्यावर यायचं कारण नाही. आपण तर पहिलीच पाटी लिहितो आहोत.

आता गावात निघालेल्या शंका. सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेली अशी : भिंत पडते आहे आणि तुम्ही पाटी काय लावता, आधी दुरुस्ती करा. हे म्हणणं मला पटतं, आणि तरी मी पाटीच्या बाजूनं आहे. दुरुस्तीला लाखांनी पैसे लागतात, वारसांची संमती लागते, पांढऱ्या मातीत काम करणारे हात लागतात. ते हात आता खानदेशात मोजकेच उरले आहेत. पाटीला पाथरवटाची मजुरी आणि एक गाडी दगड लागतो. आणि ज्या जागेबद्दल फाट्यावर लिहिलेलं आहे, तिथून भरदिवसा खांब उचलून नेताना टेम्पोवाल्याला दहा वेळा विचार करावा लागेल. आमचे चार खांब गेले तेव्हा गावात कोणी हटकलं नाही, कारण ते गावाचे आहेत असं गावाला कधी वाटलंच नव्हतं. "हाई गढी कोनी शे?" असं कोणी विचारलं की उत्तर यायचं, "पाटीलस्नी शे." एवढ्यावर विषय संपायचा.

दुसरी शंका वारसांची. पाटी लागली की सरकार गढी ताब्यात घेईल, मग आपल्याला खिळाही ठोकता येणार नाही. ही भीती गावोगाव आहे, आणि ती कायदा नीट न समजल्यातून आलेली आहे. केंद्राचा १९५८ चा किंवा राज्याचा १९६० चा कायदा लागू व्हायचा तर सरकारला रीतसर अधिसूचना काढावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. केंद्र संरक्षित स्मारकाच्या भोवती १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढं २०० मीटर परवानगीचा पट्टा येतो, तो अशा घोषणेनंतरच. गावानं गावठाणाच्या जागेत लावलेल्या पाटीनं मालकीच्या कागदावरची एक रेघही हलत नाही. पाटी रस्त्याच्या हद्दीत मात्र लावू नये. तिथं बांधकाम खात्याची परवानगी लागते, आणि रस्ता रुंद झाला की पहिला बळी तिचाच जातो. आमच्या फाट्यावरचा जुना मैलाचा दगड असाच जेसीबीखाली गेला. ठेकेदाराच्या माणसाला आम्ही विचारलं, तो म्हणाला, भरावात टाकला असेल.

तिसरी शंका मात्र जड आहे. ती मोठ्यानं कोणी बोललं नाही. आमच्या ओट्यावर चहा घेताना एकानं हळूच काढली. ताई, वेठीचं, बाकीचं लिहून जुन्या जखमा कशाला उकरायच्या? गावात आता सगळे गुण्यागोविंदानं आहेत. मी त्याला विचारलं, जखम कोणाची आहे? ज्याची आहे त्याला विचारलंस का? दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गावकुसाकडच्या भिल्ल वस्तीत गेलो. पूर्वी गावाची राखण त्यांच्याकडे असायची, जागल्या म्हणायचे. एका म्हातारीनं सगळं सांगितलं, अगदी रोजचं बोलावं तसं. रात्रभर जागायचं, सकाळी गढीवर पाणी भरायचं, सरपण फोडायचं, आणि मिळायचं काय तर भाकरी. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी पाटीचं सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, "आमनं बी लिखशी?" आमचंही लिहिशील? मी हो म्हटलं आहे. वस्तीतल्या कोणाला ही जखम झाकून ठेवायला नको आहे. झाकायची घाई आमच्या ओट्यांवरच आहे.

दंतकथांचं काय करायचं, हाही प्रश्न होताच. आमच्या गढीत भुयार आहे म्हणतात, थेट नदीपर्यंत. खानदेशातल्या कोणत्या गढीत भुयार नाही? अशा गोष्टी मी काढून टाकणार नाही. पण त्यांना त्यांच्या जागी बसवीन. चाळीसगावला रेल्वेजवळ केकी मूस यांचं दगडी घर आहे. १९१२ ते १९८९ हे त्यांचं आयुष्य, आणि त्यातली कितीतरी दशकं त्यांनी त्या घराबाहेर जवळजवळ पाऊल न टाकता काढली. टेबलावर मांडणी करून घेतलेल्या त्यांच्या छायाचित्रांना देशोदेशी बक्षिसं मिळाली. ती आजही त्या घरात बघायला मिळतात. त्यांच्याबद्दल सगळ्या तालुक्यात एक गोष्ट सांगतात. प्रेयसीनं पंजाब मेलनं येईन म्हणून वचन दिलं होतं, आणि ते रोज त्या गाडीच्या वेळेला वाट बघत बसायचे. गोष्ट सुंदर आहे, ती गाळू नये. पण तिच्यापुढं 'असं सांगतात' हे दोन शब्द हवेत, आणि छायाचित्रांपुढं ते नकोत. वाचणाऱ्याला एवढा फरक कळतो. आमच्या पाटीवर ओळ आहे : 'भुयार असल्याचं सांगतात. सापडलेलं नाही.'

पाटी कशाची असावी यावर मी अडून बसले आहे. फ्लेक्स नको म्हणजे नकोच. खानदेशचं ऊन एका उन्हाळ्यात फ्लेक्सचा रंग खातं, पुढच्या वर्षी त्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटतात. काळा पाषाण, खोल कोरलेली अक्षरं. उद्घाटकाचं, सौजन्याचं, अध्यक्षांचं नाव दगडावर नको. या एका अटीवर गावात सर्वांत जास्त वाद झाला आणि अजून चालू आहे. मला तो वाद टाळायचा नाही. दगडावर जागा थोडी असते. तिथं एक नाव वाढलं की एक ओळ जाते, आणि जाते ती नेहमी खालची.

भाषा मराठी, आणि वरची एक ओळ अहिराणीत. शाळेतल्या एका शिक्षकांनी हरकत घेतली, अहिराणी प्रमाण नाही, बाहेरच्यांना कळणार नाही. बाहेरच्यांना खालच्या ओळी कळतील. पण गढीच्या आत जी भाषा चालली, जिच्यात बाकी सांगितली गेली, दळताना गाणी म्हटली गेली, ती दगडावर नसेल तर तो दगड दुसऱ्या कोणाच्या गावचा वाटेल.

आज माझ्या वहीत असलेला मजकूर असा आहे :

'आमना गावनी गढी.
ही पांढऱ्या मातीची गढी पाटील घराण्यानं बांधली. बांधल्याचं साल कागदात मिळत नाही. धामधुमीच्या काळात गाव हिच्या आसऱ्याला येई.
कुंभार, सुतार, पाथरवट आणि मजूर यांनी ती उभारली. सालदारांनी आखाजी ते आखाजी राबून ती चालवली. जागल्यांनी तिची राखण केली. बायकांनी इथं दळलं, लिंपलं. यांतलं बरंचसं काम वेठीचं होतं.
खळ्याच्या भिंतीवरच्या गेरूच्या रेघा कापसाच्या गाड्यांच्या आहेत. त्या सालदारांनी ओढल्या.
भुयार असल्याचं सांगतात. सापडलेलं नाही.
१९६३ साली वतन गेलं. त्यानंतर गढीची देखभाल थांबली.'

हा मजकूर मी पुण्याला आबांना वाचून दाखवला. 'वेठीचं' या शब्दाला ते अडखळले. म्हणाले, "माझ्या आजोबांनी कोणाला उपाशी ठेवलं नाही गं." मी म्हटलं, आबा, तसं मी लिहिलेलं नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, मला थोडे दिवस दे. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. शब्दाबद्दल हो-नाही काहीच बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की रुमालात नसलेली एक चोपडी त्यांच्या कपाटात आहे, आजीच्या हातची, पेवातून दुष्काळात दाणे कोणाला दिले त्याची, आणि कोणाकडून ते परत घेतले त्याचीही. ती ते कुरिअरनं पाठवणार नाहीत, स्वतः घेऊन येणार आहेत.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घेतला आहे. पाथरवटानं दगड पसंत करून ठेवला आहे, अक्षरं मोजून द्या म्हणतो. चोपडी वाचून झाल्याशिवाय मी त्याला अक्षरं देणार नाही. आणि काही कमी करायची वेळ आलीच तर आधी घराण्याची ओळ लहान करा, वेठीची नको, एवढं सरपंचांना सांगून आले आहे.